कॅरव्हॅनसाठी शेगडी घेताना आधी इंधन ठरवा

प्रिय वाचक भगिनी,

लेस्टरहून पाठवलेले तुमचे सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा देतो. तुम्ही उभयतांनी या वसंतात २०१४ साली तयार झालेली, सहा जण झोपू शकतील अशी, गाडीमागे ओढायची जुनी कॅरव्हॅन घेतली आहे. जुलैत एक आठवडा वेल्समधल्या पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावर, ऑगस्टमध्ये दोन आठवडे दक्षिण फ्रान्समध्ये भूमध्य समुद्राजवळ आणि ऑक्टोबरमधल्या शाळेच्या सुट्टीत उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, असे तीन मुक्काम ठरले आहेत. बरोबर तेरा आणि नऊ वर्षांची मुले असतील, आणि उन्हाळ्यातल्या दोन्ही प्रवासांत सांगलीहून येणाऱ्या, पूर्ण शाकाहारी असलेल्या सासूबाईही असतील. कोळशावर भाजले नाही तर त्याला बार्बेक्यू म्हणूच नये, असे तुमच्या यजमानांचे मत आहे, तर तुमचा ओढा गॅसकडे आहे. शंभर ते दोनशे पौंड खर्च करण्याची तयारी आहे. बार्बेक्यूसाठी शेगडी कोणती घ्यावी, ती कॅरव्हॅनच्याच सिलिंडरवर चालेल का, आणि पाऊस आला तर ती ऑनिंगमध्ये, म्हणजे कॅरव्हॅनला जोडायच्या कापडी मांडवात, नेता येईल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत, आणि ताजा कलम म्हणून कणसांविषयीही एक प्रश्न आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांत चूक झाली तर पैसे जातील, पण इथे चूक झाली तर माणसे जातील. पेटलेली किंवा नुकतीच विझलेली शेगडी, मग ती कोळशाची असो वा गॅसची, ऑनिंगमध्ये, तंबूत किंवा कॅरव्हॅनमध्ये कधीही नेऊ नका. दार उघडे ठेवून नाही, खिडकीची जाळी उघडी ठेवून नाही आणि केवळ ऊब मिळावी म्हणून तर नाहीच. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो, त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. निखाऱ्यांवर राखेचा थर चढला आणि हाताला धग लागेनाशी झाली, की शेगडी विझली असे आपण समजतो, पण आतल्या कोळशातून हा वायू त्यानंतरही कित्येक तास निघत राहतो. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे आणि अनावर झोप येणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि दिवसभर समुद्रावर भटकून आलेल्या माणसाला ती थकव्याचीच वाटतात, म्हणून माणूस उठून बाहेर जाण्याऐवजी अंथरुणाला पाठ टेकतो. कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या उत्तर भारतातून जवळजवळ दर हिवाळ्यात येतात. ब्रिटनमध्येही तंबूत उबेसाठी शेगडी नेल्याने सुट्टीवर गेलेल्या लोकांचे प्राण गेले आहेत. गॅसच्या शेगडीचा धोका तुलनेने कमी दिसतो, पण बंदिस्त जागेत तीही प्राणवायू खाते आणि हाच वायू सोडते. शिवाय चरबीने भडका घेतला, तर ऑनिंगचे कृत्रिम धाग्याचे कापड किती झपाट्याने जळते हे पाहण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

म्हणून शेगडीच्या आधी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर घ्या. त्याच्या वेष्टनावर ईएन ५०२९१-२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आहे का ते पाहा. घरासाठीचे मानक ५०२९१-१ असे आहे, आणि शेवटी २ असलेले मानक कॅरव्हॅन व बोटींसारख्या, हलत्या आणि हादरे खाणाऱ्या जागांसाठी आहे. तुमच्या कॅरव्हॅनमध्ये आधीच्या मालकाने लावलेला गजर असेल, तर त्याच्यावर छापलेली मुदत तपासा, कारण या गजरांतला संवेदक काही वर्षांनी निकामी होतो आणि तरीही चाचणीचे बटण दाबल्यावर आवाज येतच राहतो. पावसाविषयी बोलायचे तर, पेम्ब्रोकशरला तो येणारच. त्या संध्याकाळी आत कॅरव्हॅनच्या ओट्यावर पिठले करा आणि शेगडी झाकून बाहेरच राहू द्या.

आता निवडीकडे वळतो. दुकानात गेल्यावर मांडलेल्या शेगड्यांकडे पाहून निवड करू गेले, की गोंधळ होतोच, कारण चकाकी, झाकणाचा आकार आणि घडीचे पाय यांनी डोळा बांधला जातो. आपण कोणत्या जागी उतरणार आहोत आणि तिथे कोणते इंधन चालेल व मिळेल, हे आधी ठरवले, तर तीस शेगड्यांमधल्या पंचवीस आपोआप बाजूला पडतात. तुमच्या बाबतीत हा निर्णय फ्रान्सच करून देतो. भूमध्य समुद्राकाठचा तो प्रदेश उन्हाळ्यात वणव्यांच्या भीतीखाली असतो, आणि तिथल्या अनेक कॅम्पसाइटवर त्या दिवसांत कोळशाच्या शेगडीला बंदी असते. कुठे गॅसची चालते, कुठे फक्त विजेची चालते, आणि कुठे साइटने बांधलेल्या सामाईक चुलवणावरच भाजावे लागते. आरक्षण केलेल्या साइटला आजच विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागवा. तुमच्या यजमानांची कोळशाची शेगडी दोन आठवडे कॅरव्हॅनच्या पेटीत बसून राहणार असेल, तर ती पहिली खरेदी असू शकत नाही.

तरीही त्यांचे म्हणणे मी धुडकावणार नाही. आपल्याकडे आगटीत भाजलेल्या हुरड्याची किंवा रायगडातल्या पोपटीची चव ज्याने एकदा घेतली आहे, त्याला निखाऱ्याचे महत्त्व कोणी पटवून द्यावे लागत नाही. लोणारी कोळशाची धग कोरडी आणि तीव्र असते, तिच्यावर पदार्थाची बाहेरची बाजू झटकन करपते आणि आतला ओलावा टिकतो, हे खरे आहे. पण धुरकट चवीचे मोठे श्रेय कोळशाला नसून पदार्थातून ठिबकणाऱ्या रसाला आणि चरबीला आहे. चांगला कोळसा तयार होतानाच लाकडातली बहुतेक उडून जाणारी द्रव्ये निघून गेलेली असतात. थेंब तापलेल्या पृष्ठभागावर पडून जळतात आणि त्यांचा धूर वर येऊन पदार्थाला लागतो. गॅसच्या ज्योतीवरच्या तापलेल्या पत्र्यावर थेंब पडले तरी हेच घडते, फक्त थोड्या प्रमाणात.

कोळशाची खरी अडचण चवीत नाही, वेळापत्रकात आहे. लाकडी कोळशाचे तुकडे लवकर पेटतात आणि लवकर संपतात, दाबून केलेल्या वड्या उशिरा पेटतात आणि जास्त वेळ एकसारख्या जळतात, पण दोन्हींवर राखेचा करडा थर येऊन ते भाजण्याजोगे होईपर्यंत अर्धा तास ते पाऊण तास सहज जातो. त्या वेळात नऊ वर्षांचे मूल पावाचे अर्धे पाकीट संपवते. त्याहून मोठा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. नॉर्थम्बरलंडमध्ये आम्ही एकदा रात्री उशिरापर्यंत कोळसा पेटता ठेवला आणि सकाळी दहाला जागा सोडायची होती. वरून पांढरी दिसणारी राख पत्र्याच्या बादलीत ओतली, तेव्हा आत लाल निखारे होते. ती राख ना कचऱ्याच्या पेटीत टाकता येत होती, ना गाडीत ठेवता येत होती. बादलीभर पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतून थांबण्यात आमचा तासभर गेला, आणि तो तास वाया गेला असे मी आजही मानत नाही, कारण कचऱ्याच्या पेट्यांना लागणाऱ्या आगी अशाच लागतात. रोज मुक्काम बदलणाऱ्याने कोळशाच्या वाटेला जाऊ नये. एका जागी आठवडाभर राहणाऱ्याने जाण्यास हरकत नाही.

यजमानांचा आग्रह कायम राहिला, तर पुढच्या वर्षी दुसरी, लहान शेगडी म्हणून दोन प्रकार पाहता येतील. लोटसग्रिल या जर्मन शेगडीत बॅटरीवर चालणारा छोटा पंखा कोळशाला वारा घालतो, त्यामुळे ती चार-पाच मिनिटांत तयार होते आणि बाहेरचे भांडे हात लावण्याइतके थंड राहते. दक्षिण आफ्रिकेतली कॉब ही शेगडी आठ-दहा वड्यांवर दोन तासांहून अधिक चालते आणि झाकण लावून सावकाश शिजवायला फार चांगली आहे. दोन्हींत धग बंदिस्त भांड्यात असते, त्यामुळे खालचे गवत जळत नाही. मात्र वर लिहिलेला ऑनिंगचा नियम त्यांनाही जसाच्या तसा लागू आहे, कारण बाहेरून थंड राहिल्या तरी आत कोळसाच जळत असतो.

एकदाच वापरून टाकायच्या, ॲल्युमिनियमच्या तबकातल्या शेगड्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण त्या स्वस्त असतात आणि पेट्रोल पंपावरही दिसतात. त्या कृपया घेऊ नका. मे २०२० मध्ये डॉर्सेटमधल्या वेअरहॅमच्या जंगलात लागलेल्या आगीत दोनशेहून अधिक हेक्टर जमीन होरपळली आणि तिथे अशी अनेक तबके सापडली. वेट्रोज आणि आल्डी या दुकानांनी २०२२ मध्ये त्यांची विक्री थांबवण्याचे जाहीर केले. न्यू फॉरेस्टमध्ये तर २०२३ मध्ये उघड्यावर शेगडी पेटवण्यावरच स्थानिक परिषदेच्या आदेशाने बंदी आली. हे तबक गवतावर ठेवले की खालची जमीन आयताकृती भाजून निघते, आणि वाळूत पुरले तर वाळू तासन्‌तास तापलेली राहते, तिच्यावर पुढचे अनवाणी मूल पाय ठेवते.

तेव्हा माझा कौल गॅसला आहे, आणि गॅसमध्येही कमी दाबावर चालणाऱ्या शेगडीला. हा दाबाचा विषय नीट समजून घ्या, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात आणि माझीही झाली होती. पहिल्या वर्षी मी एका दुकानातून एक देखणी, घडीच्या पायांची शेगडी आणली. कॅरव्हॅनला जोडता येईल का, असे विचारल्यावर विक्रेत्याने गॅस सगळा एकच असतो, असे सांगितले. गॅस एकच होता, पण दाब एकच नव्हता. ती शेगडी छोट्या डब्यातून थेट येणाऱ्या जास्त दाबाच्या गॅससाठी बनवलेली होती आणि दाब कमी करणारी झडप तिच्या स्वतःच्या अंगातच होती. कॅरव्हॅनमधून आधीच कमी दाबाने येणारा गॅस त्या झडपेतून जाईपर्यंत ज्योत मेणबत्तीएवढी उरली. चिकनचे तुकडे पाऊण तास झाला तरी आतून गुलाबीच राहिले आणि शेवटी ते आतल्या ओव्हनमध्ये नेऊन शिजवावे लागले.

तुमची कॅरव्हॅन २०१४ सालची आहे, म्हणजे तिच्या सिलिंडरच्या कप्प्यात भिंतीला पक्का बसवलेला, गॅसचा दाब ३० मिलिबारवर आणणारा रेग्युलेटर असणार. तो ब्युटेन आणि प्रोपेन या सिलिंडरमधल्या दोन्ही वायूंवर चालतो, फक्त सिलिंडरपासून त्याच्यापर्यंत येणारी आखूड नळी त्या त्या सिलिंडरच्या तोंडाला बसणारी लागते. आता कॅरव्हॅनच्या बाहेरच्या बाजूला, बहुधा ऑनिंगच्या बाजूच्या भिंतीवर, एक छोटे झाकण आहे का ते पाहा. ते उघडल्यावर आत नळी खटकन बसवण्याची जागा आणि एक चावी दिसली, तर तीच बार्बेक्यूसाठीची गॅसजोडणी. तिथूनही ३० मिलिबार दाबाचाच गॅस मिळतो. तेव्हा शेगडी घेताना तिच्या अंगावरची माहितीपट्टी वाचा आणि तिच्यावर ३० मिलिबार किंवा २८-३०/३७ मिलिबार असे लिहिले असेल तरच घ्या. फक्त डब्यावर चालणारी, किंवा ५० मिलिबारची, जी जर्मनीसाठी बनवलेली असते, ती घेऊ नका, कितीही सवलतीत मिळाली तरी. असे झाकण तुमच्या कॅरव्हॅनला नसेल, तर गॅस सेफ या नोंदणीतल्या आणि कॅरव्हॅनचे काम करण्यास पात्र असलेल्या कारागिराकडून ते बसवून घेता येते, किंवा वेगळा लहान सिलिंडर त्याच्या रेग्युलेटरसह शेगडीला जोडता येतो. जुनी कॅरव्हॅन घेतल्यावर वार्षिक तपासणी कराल, तेव्हाच या जोडणीची गळतीही तपासून घ्या. नळीवर तिच्या उत्पादनाचे वर्ष छापलेले असते, पाच वर्षे झाली असतील तर ती बदला. जोडल्यानंतर सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, आगकाडी लावून कधीही पाहू नये. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साठतो. कॅरव्हॅनच्या जमिनीत असलेली भोके त्यासाठीच आहेत. थंडी वाजते म्हणून ती बुजवू नका.

सिलिंडर कोणता, हाही प्रश्न त्यातूनच येतो. ब्रिटनमध्ये कॅलर कंपनीचा निळा सिलिंडर ब्युटेनचा आणि लाल प्रोपेनचा असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रवरूपातून वायुरूपात येणे थांबवतो, आणि त्याच्या आधीच, चार-पाच अंशांना, ज्योत मरगळते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू देत राहतो. ऑक्टोबरच्या अखेरीस लेक डिस्ट्रिक्टमध्ये पहाट बोचरी असते, म्हणून तुम्ही लाल सिलिंडरच घ्या, तो उन्हाळ्यातही तितकाच चालतो. फ्रान्समध्ये मात्र कॅलरचा सिलिंडर बदलून मिळत नाही. तिथे तो संपला तर कॅम्पिंगगॅझचा निळा सिलिंडर मिळेल, पण त्याची जोडणी वेगळी असते. म्हणून निघतानाच हिशेब करा. दोन किलोवॉटची शेगडी पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस खाते. रोज एक तास धरला, तर चौदा दिवसांत दोन किलोच्या थोडे वर लागेल, आणि सहा किलोचा सिलिंडर आतल्या चहा-भातासाठीही पुरून उरेल. तोच भरून न्या. प्रवासात तो उभा, बांधलेला आणि झडप बंद केलेला असावा.

विजेच्या शेगडीविषयी थोडक्यात सांगतो. फ्रान्सच्या साइटने फक्त विजेचीच चालते असे कळवले, तरच तिचा विचार करा, आणि तिथे किती अँपिअरची जोडणी मिळते ते विचारा. २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे २३०० वॉट आणि ६ अँपिअर म्हणजे अवघे १३८० वॉट होतात. दोन हजार वॉटची शेगडी सहा अँपिअरवर लावली की खांबावरचा खटका पडतो, आणि दहावर चालली तरी त्याच वेळी कोणी चहाची किटली लावायची नाही, असा घरात फतवा काढावा लागतो.

आता तुमच्या घराचा विचार करू, कारण माझ्या दृष्टीने या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती तुमच्या सासूबाई आहेत. ज्या जाळीवर सॉसेज आणि चिकन भाजले, तीच जाळी पुसून तिच्यावर त्यांचे पनीर ठेवणे हे त्यांना चालणार नाही, आणि त्या तसे बोलूनही दाखवणार नाहीत. त्या फक्त भूक नाही म्हणतील. म्हणून जिचे पृष्ठभाग काढून बदलता येतात, अशीच शेगडी घ्या. दक्षिण आफ्रिकेत १९४८ मध्ये सुरू झालेल्या कॅडॅक कंपनीच्या गोल शेगड्या इथल्या कॅरव्हॅनवाल्यांमध्ये प्रिय आहेत, त्या याच कारणासाठी. एकाच बर्नरवर खाचांची जाळी, सपाट तवा, भांडे ठेवायची तिवई आणि खोलगट कढई असे भाग आलटून पालटून बसतात. इतर कंपन्यांच्याही अशा शेगड्या मिळतात. नाव महत्त्वाचे नाही, सुटे भाग वेगळे विकत मिळतात की नाही हे महत्त्वाचे आहे. तुम्ही एक जाळी सामिषासाठी घ्या आणि एक तवा निव्वळ शाकाहारासाठी जास्तीचा घ्या. तो सासूबाईंच्या ताब्यात, वेगळ्या कापडी पिशवीत राहू द्या, त्याचा चिमटा आणि उलथनेही वेगळे ठेवा, आणि रोज शेगडी तापली की पहिला तवा त्यांचा चढू द्या. सपाट तव्यावर थालीपीठ उत्तम होते, भाकरीही होते. तिवईवर चहाचे आधण ठेवता येते, आणि भरताचे वांगे तिच्यावरच थेट ज्योतीवर भाजता येते, फक्त त्याचा रस बर्नरच्या भोकांत गेला तर थंड झाल्यावर पुसून घ्यावा. या तव्यांवर बहुधा सिरॅमिकचा लेप असतो, म्हणून उलथने लाकडी किंवा सिलिकॉनचे वापरा.

आकाराबाबत, तीस सेंटिमीटरची लहान शेगडी दोघांना पुरते. पाच जणांना तिच्यावर दोन-तीन पाळ्या कराव्या लागतील आणि शेवटचा जेवायला बसेपर्यंत पहिल्याला पुन्हा भूक लागेल. तुम्ही चाळीस किंवा पन्नास सेंटिमीटरची, पायांवर उभी राहणारी आणि घुमटासारखे झाकण असलेली घ्या. उंची कमरेएवढी असली की सासूबाईंनाही वाकावे लागणार नाही, आणि बहुतेक साइटवर गवत वाचवण्यासाठी शेगडी जमिनीपासून उंच असण्याचा जो नियम असतो तोही पाळला जातो. झाकण वाऱ्यासाठी हवे. पेम्ब्रोकशरच्या कड्यांवर वारा असा वाहतो, की झाकणाशिवाय अर्धी धग आयर्लंडच्या समुद्रावर जाते. तुमच्या खर्चाच्या मर्यादेत अशी शेगडी बसेल, पण तवा आणि जाळी यांसाठी तीस-चाळीस पौंड आधीच बाजूला काढून ठेवा, नाहीतर शेगडी मोठी येते आणि तवा पुढच्या वर्षावर जातो.

वजनाचाही विचार करा, तो नवे कॅरव्हॅनवाले हमखास विसरतात. कॅरव्हॅनचे कारखान्यातून निघतानाचे वजन आणि तिचे कमाल मंजूर वजन यांतला फरक तेवढाच तुम्ही भरू शकता, आणि पाच जणांचे कपडे, ऑनिंग, खुर्च्या व डाळ-तांदूळ यांत तो बघता बघता संपतो. शेगडी गाडीच्या डिकीत ठेवणे सगळ्यात बरे. कॅरव्हॅनमध्येच ठेवायची झाली, तर चाकांच्या आसाजवळ आणि खाली जमिनीवर ठेवा, मागच्या टोकाला ठेवू नका, कारण मागे जड झालेली कॅरव्हॅन महामार्गावर डोलू लागते.

मांडताना वाऱ्याची दिशा पाहून, ऑनिंगच्या कापडापासून आणि शेजाऱ्यांच्या खिडकीपासून दूर, सपाट जमिनीवर मांडा. कॅरव्हॅन क्लबांच्या साइटवर दोन कॅरव्हॅनमध्ये सहा मीटर अंतर ठेवतात आणि त्यातले तीन मीटर पूर्ण मोकळे असावे लागतात, ते आग पसरू नये म्हणूनच. शेगडीच्या नादात त्या मोकळ्या पट्ट्यात गाडी किंवा तंबू ढकलू नका. चिकनच्या सगळ्यात जाड तुकड्याच्या गाभ्यात तापमान ७० अंश होऊन दोन मिनिटे टिकले पाहिजे. त्यासाठी टोचून पाहायचा छोटा तापमापक घ्या, बाहेरच्या रंगावर जाऊ नका.

यजमानांना पहिल्याच संध्याकाळी जिंकायचे असेल तर त्यांना मुलांना घेऊन मासे धरायला पाठवा. उन्हाळ्यात पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्याला मॅकरेलचे थवे येतात. आपल्या बांगड्याचा तो जवळचा नातलग आहे, आणि हळद, तिखट, मीठ व कोकमाचे आगळ लावून तापलेल्या जाळीवर टाकला तर त्याच्या अंगच्या तेलानेच धूर निघतो. त्यावरही त्यांना कोळशाची आठवण आली, तर आपली धुरी द्यायची जुनी रीत वापरा. कोळशाचा एकच तुकडा चिमट्याने ज्योतीवर धरून लाल करावा, पोलादी वाटीत ठेवून ती वाटी भाजलेल्या पदार्थांच्या पातेल्यात मधोमध ठेवावी, वर चमचाभर तूप सोडावे आणि पाच मिनिटे घट्ट झाकावे. सासूबाईंच्या पनीरलाही हीच धुरी वेगळ्या पातेल्यात देता येईल. हे सगळे बाहेर, उघड्यावरच करायचे, आणि तो तुकडा नंतर पाण्यात बुडवायचा.

आता तुमचा ताजा कलम : कणसे सोलून भाजावीत की सालासकट? इथे ऑगस्टपासून मिळणारे मक्याचे कणीस गोड आणि रसाळ असते, आपल्याकडच्या गावरान मक्यासारखे घट्ट नसते, म्हणून ते थेट ज्योतीवर धरले तर दाणे करपतात आणि आतून कच्चेच राहतात. ते सालासकट अर्धा तास पाण्यात भिजवा, झाकणाखाली मध्यम ज्योतीवर पंधरा-वीस मिनिटे फिरवत ठेवा, मग साल मागे ओढून त्याचाच दांडा करा आणि शेवटची दोन मिनिटे उघड्या जाळीवर काळे ठिपके येईपर्यंत भाजा. लिंबू, मीठ आणि तिखट मात्र घरूनच न्या. सासूबाईंसाठी पहिले कणीस त्यांच्या तव्यावर भाजा.

तुमचा,
सदरलेखक